नातीसोबत नगरचे महाविद्यालय पाहताना

बारावीचा निकाल लागला की घराघरांत ‘कॉलेज पाहून येऊ’ अशी बोलणी सुरू होतात आणि बरोबर कोणी जायचे, हा प्रश्न उभा राहतो. वडिलांना रजा मिळत नाही, आईला घर आणि दुभती जनावरे सोडवत नाहीत. मग आजोबांचे किंवा आजीचे नाव पुढे येते. वाचकहो, आपले नाव असे पुढे आले, तर गुडघ्यांची सबब सांगून मागे सरू नका. अभ्यासक्रम आणि शुल्क यांची माहिती मुलांना मोबाइलवर बसल्या जागी मिळते. परंतु पिण्याचे पाणी कोठे आहे, जिन्याला कठडा आहे का, रात्री ताप चढला तर दार कोणाचे ठोठावायचे, हे प्रश्न ज्याने घरातली आजारपणे काढली आहेत त्यालाच सुचतात.

आमची वाट अकोले ते नगर अशी होती. शहराला आणि जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव २०२४ साली अधिकृतपणे मिळाले. आमच्या पिढीच्या तोंडी मात्र ‘नगर’ बसलेले आहे, म्हणून येथेही तेच येत राहील. हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. त्यामुळे जिल्ह्याबाहेर न जाताही लेक शंभराहून अधिक किलोमीटर दूर जाते. एस.टी. संगमनेर, लोणी, कोल्हार, राहुरी असे करीत नगर गाठते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्य परिवहनाच्या गाडीत २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे, पासष्टपासून पुढे अर्धे तिकीट आणि स्त्रियांनाही २०२३ पासून अर्धे तिकीट. माझे वय आणि नातीचे स्त्रीत्व मिळून आमचा खर्च अगदी माफक झाला. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड मात्र वरच्या खिशात ठेवावे. गर्दीत पिशवी उपसत बसण्याची वेळ येऊ नये.

हा रस्ता शिक्षणाचा आहे, असे मी म्हणेन. संगमनेरचे महाविद्यालय १९६१ पासूनचे. लोणीला पन्नासच्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि काही दशकांनी तेथेच ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. राहुरीला १९६८ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. प्रवरेच्या आणि मुळेच्या या पट्ट्यात ऊस आणि महाविद्यालये एकाच पाण्यावर वाढली. आमच्या सह्याद्रीच्या कुशीतल्या गावी पाऊस कोसळत असतो, तेव्हा नगरकडे ढग नुसते पुढे सरकत असतात. निकालानंतरच्या दिवसांत तर तेथे पारा सहज चाळिशीला टेकतो. म्हणून निघायचे ते पहाटेच्या गाडीने.

येथे प्रवासाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकजण एक गोष्ट हमखास करतात. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने पाणीच पीत नाहीत. कोरड्या हवेत तीन-साडेतीन तास असे बसले की उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पुढे मूत्रमार्गाच्या संसर्गाला निमंत्रण मिळते. घोटघोट पाणी पीत राहावे आणि गाडी स्थानकात थांबली की लाज न बाळगता वाहकाला सांगून उतरावे. लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने ती वगळू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी निघणे सर्वांत वाईट. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काही जाणवले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, फरक नसेल तर पुन्हा घ्यावी. साखरेची पुडी नातीकडे नव्हे, आपल्याच खिशात असावी. आणि गाडीतून उतरताना एकदम उठू नये. आधी पावले हलवावीत, मग दांडी धरून उभे राहावे.

नगरच्या बसस्थानकावरून रिक्षा करून आम्ही रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावरील अहमदनगर महाविद्यालयात गेलो. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी हे महाविद्यालय १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी सुरू केले. जिल्ह्यातील हे पहिले महाविद्यालय. त्याआधी आमच्या वडिलांच्या पिढीतल्या ज्याला मॅट्रिकनंतर शिकायचे असे, त्याला पुण्याची वाट धरावी लागे, आणि बहुतेकांची वाट घराच्या उंबरठ्याशीच संपे. मुलींची तर तेथेही पोहोचत नसे.

पण मुलींच्या शिक्षणाशी या शहराचे नाते त्याहून जुने आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले. पुढे मिस सिंथिया फरार यांनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याच संस्थेत घेतले. हे महाविद्यालय ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे, त्या पुणे विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. शिकवायला शिकण्यासाठी ज्या गावी त्या आल्या, त्याच गावी शिकलेल्या मुलींच्या पदवीपत्रावर आज त्यांचे नाव छापून येते. मी हे नातीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “आबा, त्या पुण्याहून इथे आल्या तेव्हा त्यांच्या घरी कोण होतं?” मी ते हसण्यावारी नेले. प्रश्नातला कल मला दुपारी कळला.

आवार पाहताना घाई करू नये. पुण्या-मुंबईच्या मानाने असे आवार लहान. एका सकाळी पायी पाहून होते, परंतु आपल्या पायांनी नव्हे तर आपल्या गतीने. वीसेक मिनिटे चालावे, सावली दिसली की बसावे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. वरच्या मजल्यावरची प्रयोगशाळा पाहिलीच पाहिजे असे नाही. ती मुलीने पाहावी आणि खाली येऊन आपल्याला सांगावी. तिच्या सांगण्यावरून तिला ती आवडली की नाही हे आपल्याला डोळ्यांनी पाहण्यापेक्षा चांगले कळते. कार्यालयातही तेच. अर्ज, गुणवत्ता यादी, नव्या धोरणानुसार आलेला चार वर्षांचा अभ्यासक्रम, यांविषयी तिनेच विचारावे. आपण खुर्ची मागून घ्यावी आणि गप्प बसावे. हे अवघड आहे, कारण आयुष्यभर कचेऱ्यांतून आपणच बोलत आलो आहोत.

आपण बोलायचे ते वसतिगृहाविषयी, कोणत्याही महाविद्यालयात असो. रात्री आजारी पडलेल्या मुलीला दवाखान्यात कोण नेते आणि घरी कोण कळवते? अधीक्षिका तेथेच राहतात का? उन्हाळ्यात पाणी किती वेळ येते? खानावळीत डाळ आणि पालेभाजी रोज असते की आठवड्याच्या पाटीवर नुसती लिहिलेली असते? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अभ्यासात लक्ष न लागणारी, जिना चढताना धापणारी मुलगी आळशी नसते; पुष्कळदा तिचे हिमोग्लोबिन कमी असते. प्रवेशापूर्वी ही एक साधी रक्ततपासणी करून घ्यावी. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. तक्रार कोणाकडे करायची ते नाव आणि क्रमांक मुलीने आपल्यासमोर लिहून घ्यावा. आणि वसतिगृहात आधीपासून राहणाऱ्या एखाद्या मुलीशी आपल्या मुलीला पाच मिनिटे एकटीला बोलू द्यावे. त्या पाच मिनिटांत जे कळते ते माहितीपुस्तकात नसते.

दुपारी एका झाडाखाली आम्ही डबा उघडला. घरच्या परिस्थितीविषयी आता सांगितले पाहिजे. माझ्या पत्नीला तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून तिची औषधे, रक्तदाब, बोटांचे व्यायाम, जेवताना ताठ बसवणे आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच ठेवणे, हे सगळे हळूहळू नातीच्या अंगावर आले. कोणी तिला सांगितले नव्हते. ती करीत गेली आणि आम्ही करू देत गेलो. ज्या घरात दीर्घ आजारी माणूस आहे, त्या घरात असे एक लहान माणूस बहुधा असते. आपल्या घरात ते कोण आहे, हे वाचता वाचता आपल्याला आठवले असेल.

मी तिला विचारले, “संगमनेर जवळ होते. तिथेही हेच शिक्षण मिळते. मग नगरच का?”

ती डब्याच्या झाकणाकडे पाहत म्हणाली, “संगमनेरला असले तर मी रोज घरी येईन, आबा. आजीचं सगळं करून अभ्यासाला बसेन. मला माहीत आहे ना मी कशी आहे ते.” मग थोडे थांबून, “मी गेले तर तुम्ही कराल का?”

अशा वेळी आपल्या तोंडी जी वाक्ये तयार असतात, ती येथे वापरू नयेत. ‘आमचे काय, आमचे दिवस संपत आले’ हे वाक्य प्रेमाचे वाटते, पण मुलीच्या पायात ते साखळीसारखे पडते. ‘तू काळजी करू नकोस’ हेही निरुपयोगी. ज्याने तीन वर्षे काळजी घेतली त्याला ती सोडून दे म्हणण्यात अर्थ नाही. तिला उत्तर हवे होते ते कामाचे. मी म्हणालो, “रक्तदाब कसा मोजायचा ते मला शिकव. जाण्याआधी महिनाभर मी करीन, तू बघ.” ती लगेच काही बोलली नाही. डबा धुऊन आली आणि मग म्हणाली, “तुम्ही पट्टा फार सैल बांधता.”

परतल्यावर त्याच आठवड्यात शिकवणी सुरू झाली. आपल्या घरीही अशी वेळ येणार असेल, तर ती मूल जाण्याच्या आदल्या रात्री आणू नका. चार आठवडे तरी हवेत. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठीला टेकू, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, मोजताना बोलायचे नाही. एवढे मला आठ दिवसांत जमले. गोळ्यांना अधिक वेळ लागला. नातीने आठवड्याच्या कप्प्यांची डबी आणली आणि एक वही केली: कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, कोणत्या आकड्याला डॉक्टरांना फोन करायचा, अंथरुणावर दर दोन तासांनी कूस कशी बदलायची. त्या वहीत तिने एके ठिकाणी लिहिले आहे, ‘आजी गोळी गालात धरून ठेवते, तोंड उघडायला सांगा.’ तीन वर्षांत हे मला ठाऊक नव्हते. व्यायामाचे काम सुनेने घेतले, आणि दुपारचे दोन तास शेजारच्या वहिनी येऊन बसू लागल्या, त्यांच्या मुलाला मी गणित शिकवायच्या बोलीवर.

मुले गेल्यावर घर रिकामे वाटते, हे खरेच आहे. झोप उडते, जेवण कमी होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ तसेच राहिले तर ते नुसते आठवणींचे दुःख समजू नये, डॉक्टरांशी बोलावे. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मनःस्वास्थ्याविषयी रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, मराठीतही. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक त्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावेत. मुलीलाही पहिला द्यावा, कारण पहिल्या सत्रात तिलाही रडू येते आणि ती ते घरी सांगत नाही.

फोनची वेळ एकच ठरवावी. दिवसभर केव्हाही केलेले फोन दोन्हीकडच्या माणसांना वाट पाहायला लावतात. आजार लपवू नये. लपवलेला आजार मुलांना मागाहून कळला की ती पुढच्या प्रत्येक ‘ठीक आहे’वर अविश्वास धरतात. पण प्रत्येक ठसक्याची बातमीही देऊ नये. आमची वेळ संध्याकाळी साडेसातची. आधी मी आकडा सांगतो, ती ‘हं’ म्हणते. मग फोन आजीकडे जातो. ती डाव्या हाताने तो कानाशी धरते, आणि शब्द अडखळतात म्हणून स्वतः फार बोलत नाही. नात तिला आज प्रयोगशाळेत काय फुटले ते सांगत असते.