तारेच्या टोकाशी

चि. अनघा हीस,


तोफखान्याचा अधिकारी पायदळाच्या बराच मागे, टेकडीच्या आडोशाला उभा राहून लढतो आणि म्हणून त्याच्या वाट्याला येणारे शौर्य काहीसे दुय्यम असते, असा जो समज तुझ्या गेल्या पत्रात डोकावतो, तो तोफांपुरता खरा असला तरी तोफांचे डोळे होऊन पुढे जाणाऱ्या माणसाबाबत साफ चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातील युद्धशौर्याचे सर्वोच्च पदक, २० ऑस्ट्रेलियन सैनिकांना मिळाले. त्यांत तोफखान्याचे एकटे लेफ्टनंट आर्थर रोडेन कटलर होते, आणि ज्या कामगिरीसाठी पदक मिळाले तिच्या बहुतेक काळात ते स्वतःच्या तोफांपासून दूर, कित्येकदा पायदळाच्याही पुढे होते.

त्यांचे काम काय होते हे आधी समजून घ्यावे लागेल. त्यांच्या रेजिमेंटकडे २५ पौंडी तोफा होत्या. तोफेचे हे नाव तिच्या गोळ्याच्या वजनावरून पडलेले, म्हणजे गोळा सुमारे साडेअकरा किलोचा, आणि तो साधारण १२ किलोमीटरपर्यंत जाई. इतक्या अंतरावरचे आणि मधल्या डोंगरापलीकडचे लक्ष्य तोफ चालवणाऱ्यांना दिसणे शक्यच नसते. (आपल्याकडे या माणसांना गोलंदाज म्हणत, तो शब्द क्रिकेटने पळवला हे ऑस्ट्रेलियाच्या संदर्भात गमतीचेच.) म्हणून एक अधिकारी दोन-चार माणसे घेऊन पायदळाबरोबर पुढे जातो, एखादे घर किंवा उंचवटा गाठून तिथे निरीक्षणचौकी मांडतो, गोळा कुठे पडला ते पाहतो आणि ‘डावीकडे’, ‘आणखी पुढे’ अशा दुरुस्त्या मागे कळवतो. त्या काळचे बिनतारी संच जड आणि डोंगराळ मुलखात बेभरवशाचे असल्याने हे कळवणे प्रामुख्याने जमिनीवरून ओढत नेलेल्या टेलिफोनच्या तारेवर अवलंबून असे; ती तार तुटली की मागच्या तोफा शाबूत असूनही आंधळ्या होत. कटलर यांची सारी युद्धकथा या तारेभोवती फिरते, आणि सांगणारे रणगाड्यांच्या प्रसंगावर इतके रमतात की ही गोष्ट बहुधा निसटते.

कटलर यांचा जन्म २४ मे १९१६ रोजी सिडनीच्या मॅन्ली या उपनगरात झाला. सिडनी विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतलेला हा तरुण नोकरी सांभाळून विद्यापीठाच्या रेजिमेंटमध्ये लष्करी शिक्षण घेत होता. १९४० मध्ये तो परदेशी जाणाऱ्या सैन्यात दाखल झाला आणि ७व्या डिव्हिजनच्या २/५ फील्ड रेजिमेंटमध्ये नेमला गेला. क्रमांकाआधीचा हा ‘२’ पहिल्या महायुद्धातल्या त्याच क्रमांकाच्या पथकांपासून वेगळेपण दाखवण्यासाठी लावत.

ही डिव्हिजन ज्या मोहिमेत उतरली तिचा शत्रू जर्मन नव्हता. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर सीरिया आणि लेबनॉन हे फ्रेंच ताब्यातले प्रदेश जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या विशी सरकारकडे राहिले होते, आणि १९४१ च्या मे महिन्यात इराकमधील उठावाला मदत करण्यासाठी निघालेली जर्मन विमाने सीरियातील धावपट्ट्या वापरू लागल्यावर ब्रिटिशांनी तो प्रदेश ताब्यात घेण्याचे ठरवले. ८ जून १९४१ रोजी मोहीम सुरू झाली. ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश, भारतीय आणि द गॉलच्या बाजूचे फ्रेंच असे सैन्य पॅलेस्टाइनकडून उत्तरेस निघाले; फ्रेंच फारसा प्रतिकार करणार नाहीत ही आशा पहिल्या दोन-तीन दिवसांतच विरली. कालच्या मित्रांशी चाललेली ही लढाई वृत्तपत्रांतून गाजवणे कोणाच्याच सोयीचे नव्हते, आणि तिच्याकडे पुढेही दुर्लक्षच झाले, याचे एक कारण हेच असावे.

दक्षिण लेबनॉनमधले मर्जायून हे डोंगरातले गाव ऑस्ट्रेलियनांनी ११ जूनला घेतले आणि १५ जूनच्या प्रतिहल्ल्यात गमावले. ते परत घेण्यासाठी १९ जून रोजी जो हल्ला झाला तो फ्रेंच रणगाड्यांनी थोपवला आणि पायदळाची मोठी हानी झाली. त्या अवस्थेत कटलर, दुसरा एक तोफखाना अधिकारी आणि काही माणसे पायदळाला मागे टाकून पुढे सरकली आणि त्यांनी एका घरात चौकी मांडली. तार तुटली, कटलर मशीनगनच्या माऱ्यात बाहेर पडले, त्यांनी ती जोडली आणि ते परत आले, त्यानंतर तोफांनी शत्रूच्या ठाण्यांचा आणि एका बॅटरीचा, म्हणजे तोफांच्या एका गटाचा, समाचार घेतला. मग शत्रूचे पायदळ आणि रणगाडे त्या घरावरच चालून आले. ब्रेन गन, म्हणजे हलकी मशीनगन, चालवणारा सैनिक ठार झाला, दुसरा अधिकारी प्राणांतिक जखमी झाला. कटलर आणि आणखी एकाने ती ब्रेन गन आणि रणगाडाविरोधी रायफल हाती घेऊन आधी पायदळ हटवले आणि अखेर रणगाड्यांनाही माघार घ्यायला लावली. जखमींना मागे पाठवण्याची व्यवस्था त्यांनी जातीने पाहिली.

इथवरचा भाग चित्रपटात शोभावा असा आहे, परंतु लष्करी दृष्टीने अधिक वजनाची गोष्ट यानंतर घडली. शत्रूची वाहने गावात येऊ शकतील असा रस्ता एकच होता, आणि त्या रस्त्यावर तोफांचा नेम बांधून ठेवण्याचा हुकूम कटलर यांना होता. नेम बांधणे म्हणजे दुरुस्त्या करीत करीत गोळा नेमका हव्या त्या जागी पाडणे आणि तोफेच्या त्या वेळच्या दिशेचे व उंचीचे आकडे टिपून ठेवणे. एकदा हे झाले की पुढे रात्र असो वा धुके, नुसत्या हुकमावर मारा त्या जागी पडतो. स्वखुशीने आलेल्या मोजक्या माणसांसह ते निघाले, शेवटी एकाच सोबत्यासह खुद्द गावात शिरले, जिथे फ्रेंचांच्या फॉरेन लीजन या परदेशी शिपायांच्या दलाचा मुक्काम होता, आणि डावीकडे शत्रू प्रतिहल्ल्यासाठी जमतो आहे, आपली परतीची वाट तुटणार आहे, हे ठाऊक असताना त्यांनी काम पुरे केले. वाट तुटलीच. अंधार पडेपर्यंत दडून राहून ते शत्रूच्या रांगांमधून परतले. पण माणूस अडकण्याआधी आकडे मागे पोचले होते, आणि फ्रेंचांच्या पुढच्या माघारीत त्या रस्त्यावरच्या माऱ्याचा वाटा मोठा होता.

२३-२४ जूनच्या रात्री एक २५ पौंडी तोफच पायदळाच्या आघाडीच्या जागेपर्यंत पुढे नेऊन त्यांनी वाट अडवणारी रणगाडाविरोधी तोफ बंद पाडली आणि सकाळी मर्जायून हाती आले. त्यानंतर लढाई किनाऱ्यावरच्या दामूरला, बैरूतच्या दारात, जाऊन ठेपली. ६ जुलैला तिथे पुढचे पायदळ मशीनगनच्या माऱ्याने जमिनीला खिळले असताना कटलर पुन्हा तारेसाठीच निघाले, आपल्या चौकीपर्यंत ती आणण्यासाठी, आणि पायाला गंभीर जखम होऊन पडले. त्यांना तिथून हलवता येईपर्यंत २६ तास गेले. जखम चिघळली होती आणि पाय कापावा लागला. १४ जुलैला अक्का येथे युद्धविरामावर सह्या झाल्या. या मोहिमेत ४१६ ऑस्ट्रेलियन मृत्युमुखी पडले.

पदकाची घोषणा नोव्हेंबर १९४१ मध्ये झाली, तेव्हा कटलर २५ वर्षांचे होते. पदक कोणा एका क्षणासाठी नव्हते, तर १९ जून ते ६ जुलै या अठरा दिवसांतील सातत्यासाठी होते, आणि हा फरक नजरेआड करू नये. पुढे राजनैतिक सेवेत ते न्यूझीलंड, सिलोन, इजिप्त, पाकिस्तान अशा ठिकाणी राहिले आणि १९६६ ते १९८१ अशी पंधरा वर्षे न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर होते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

तुझा दुसरा प्रश्न मराठी माणसांविषयीचा होता. मर्जायूनला ती नव्हती. त्याच १९ जूनला दमास्कसजवळच्या मेझ्झे येथे भारतीय ब्रिगेड झुंजत होती, पण तिच्यातल्या भारतीय पलटणी पंजाब रेजिमेंट आणि राजपुताना रायफल्सच्या होत्या. तुलनाच करायची तर ती तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधव यांच्याशी करावी, ज्यांना ९ एप्रिल १९४५ च्या, इटलीतील सेनिओ नदीवरच्या कामगिरीसाठी हेच पदक मिळाले. मराठा लाइट इन्फंट्रीत ते कंपनीचे ‘रनर’ होते, म्हणजे तार नसेल तिथे निरोप पायांनी पोचवणारे शिपाई.

सोबत लेबनॉनचा नकाशा पाठवला आहे. मर्जायूनचा रस्ता त्यात तांबड्या पेन्सिलीने दाखवला आहे.

कळावे,
तुझा काका