सालाखालची खूण आणि सासूबाईंचा डबा



पाच रुपयांच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे निरोप आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतात. म्हणून आज नाण्यावरच्या एका बारीक खुणेबद्दल लिहिते.

नाणं हातात घ्या आणि साल शोधा. बहुतेक नाण्यांवर सालाच्या खाली टांकसाळीची खूण असते. शंकरपाळीचा आकार असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर बहुधा कोलकाता. काही नाणी परदेशात पाडून आणलेली असतात, त्यांच्या खुणा वेगळ्या.

ही खूण नाणं कुठे पाडलं एवढंच सांगते. किंमत ठरते ती त्या साली त्या टांकसाळीतून किती नाणी निघाली, नाणं किती झिजलंय आणि घेणारे किती आहेत, यावर.

आमच्याकडे हे शिकायची वेळ आली ती सासूबाईंच्या पश्चात. त्यांच्या पितळी डब्यात पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये होते. वाटेकरी तिघी: जाऊबाई, नणंद आणि मी. ‘भारी नाणं कोणाकडे गेलं?’ ही शंका एकदा घरात शिरली की निघत नाही. म्हणून तिघी भिंग आणि वही घेऊन एकत्र बसलो. साल, खूण, वजन सगळं सर्वांसमोर लिहिलं. या रुपयावर खालच्या कमळाच्या फुलाखाली उठावाचा बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कोलकात्याचा. इथे ठिपक्याला नोएडा समजायचं नाही. ती टांकसाळ १९८८ ची. एका रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी.

जाऊबाई चिंच भिजवायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. देवघरातली भांडी घासावीत, जुनी नाणी नाही. घासलं की किंमत उतरते.

डब्यात २००१ सालचं, भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकाचं पाच रुपयांचं नाणंही निघालं. बाजारात त्याला फार मोल नाही, पण तिघींनाही तेच हवं होतं. ते नणंदेला दिलं. आई तिची होती.

आणि ते लाखांचे निरोप? रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केलं आहे की, तिच्या नावाने जुनी नाणी-नोटा घेण्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागणारे फसवे असतात. आधी पैसे भरा म्हणाले की समजून जा.

दशलक्षण पर्वात आपण उत्तम शौच म्हणतो, म्हणजे लोभाचा मळ काढणं. नाणी जमवायची तर परिग्रह परिमाणात त्यांचीही मर्यादा धरा, आणि विकताना खूण जशी आहे तशीच सांगा.