ठरलेला वार

चिंचणी येथे सापडलेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटात एका मठिकेला दिलेल्या दानाची नोंद आहे. डागडुजी, नैवेद्य आणि नऊ जणांचे भोजन यांसाठी ते दान होते. दात्याने एका दिवसाचे अन्न दिले नाही. ते नित्य मिळत राहील, अशी तजवीज केली.

वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे सहा आभ्यंतर तपांपैकी एक. तेही असेच सातत्य मागते. पर्युषणात वृद्धाश्रमात मिष्टान्न पोहोचते. परंतु ‘पुन्हा केव्हा येणार?’ या प्रश्नाला उत्तर नसते. म्हणून दिवाळीच्या वहीपूजनाला वर्षभराच्या सेवेचेही एक पान लिहावे: ठरलेला वार आणि जाणाऱ्याचे नाव. वृत्तपत्र वाचून दाखवावे, निवांत ऐकावे. हुंडीची मुदत पाळणाऱ्या घराण्यांना हा वार पाळणे कठीण नाही.