थेंब कोठून येतो?

गळणे या क्रियापदाची आणि मध्यमवर्गीय माणसाची ओळख फार जुनी आहे. आपला नळ गळतो, छप्पर गळते, आणि छत्री तर नेमकी मानेवर गळते. आपण मंडळी या सगळ्याला सरावलेली असतो. थेंबाखाली बादली ठेवायची आणि ती भरेपर्यंत निवांत झोपायचे, हा आपला शिरस्ता. पण हाच न्याय मोटारीच्या इंजिनाला लावला तर काय होते, ते आमच्या मेहुण्याच्या पिकअपने मला जवळून दाखवले.

हा मेहुणा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा धाकटा भाऊ, जुन्नर तालुक्यात राहतो. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरायचे, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशीचा बाजार गाठायचा, हा त्याचा धंदा. २०१८ साली कर्ज काढून त्याने डिझेलची पिकअप घेतली. २०२३च्या पावसाळ्यात तिच्या इंजिनाखाली तेलाचा पहिला डाग दिसला. आधी तो रुपयाएवढा होता, मग बशीएवढा झाला आणि दिवाळीपर्यंत परातीएवढा! आठवड्याला लिटरभर तेल वरून घालावे लागे. मेहुण्याला त्याचे काही वाटत नसे. "दाजी, म्हशीला पेंड घालतोच ना? तसंच हे," असे म्हणून तो हसायचा.

सौभाग्यवती मात्र हसत नसत. इंजिनातला क्रँक ज्या बेअरिंगवर फिरतो, त्या दोहोंमध्ये तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो. तो गेला की धातूवर धातू घासतो आणि चालते इंजिन काही मिनिटांत जाम होते. रात्रीच्या वेळी घाटात ते जाम झाले म्हणजे? शिवाय हे तेल क्लच प्लेटवर उतरले तर परतीच्या चढावर इंजिन नुसते ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. भाऊ वाशीला पोहोचल्याचा फोन येईपर्यंत आमच्या घरात दिवा मालवला जात नसे.

तेल ठिबकत होते ते इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून. तिकडच्या एका गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिले आणि सांगितले, "क्रँकचं मागचं सील गेलं." सील म्हणजे रबरी ओठाचे एक कडे, किंमत काही शे रुपये. पण त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच काढायचा, फ्लायव्हील काढायचे. मजुरी साडेपाच हजार, आणि दोन दिवस गाडी उभी. सील बदलले. वीस दिवसांनी थेंब परत हजर! पुन्हा सील, पुन्हा मजुरी, पुन्हा थेंब. तिसऱ्या खेपेस निकाल लागला : "रिंगा गेल्या. इंजिन उघडावं लागेल. साठ हजार धरून चला."

त्या रात्री मेहुण्याने फोनवर गाडी विकण्याचे बोलून दाखवले. चाकणला एखाद्या कारखान्यात दुसऱ्याची गाडी चालवीन, म्हणाला. पाच वर्षे हप्ते भरून उभा केलेला धंदा एका थेंबाने बुडायला निघाला होता.

मी त्याला गाडीसह पुण्याला बोलावून घेतले. नाना पेठेत एक वयोवृद्ध मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी आधी सगळी हकीकत ऐकून घेतली. पान्याला हातही लावला नाही. मग म्हणाले, "थेंब पडतो तिथं गळती असतेच असं नाही, पोरा. तेल उतारानं खाली येतं, आणि गाडी पळायला लागली की वारा त्याला मागं लोटतो. म्हणून कुठलीही गळती मागच्या सीलची वाटते."

त्यांनी ब्रश आणि डिझेल घेऊन इंजिन वरपासून खालपर्यंत धुतले, पुसून कोरडे केले. मग माझ्याकडे वळून विचारले, "घरी पावडरचा डबा आहे?" मला वाटले, ऐकण्यात काही चूक झाली. पण त्यांना खरोखरच तोंडाला लावायची पावडर हवी होती. सौभाग्यवतींचा डबा आला. मिस्त्रींनी इंजिनाची पाठ आणि दोन्ही कुशी लेकराला माखावे तशा पांढऱ्या केल्या आणि गाडी सोलापूर रस्त्याने वीसेक किलोमीटर फिरवून आणवली.

परत आल्यावर बॅटरीच्या उजेडात आम्ही तिघांनी डोकावून पाहिले. पांढऱ्या पावडरीवर एक काळी ओली रेघ स्पष्ट उमटली होती. ती निघाली होती वर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, आणि इंजिनाच्या पाठीवरून ओघळत थेट गिअरबॉक्सच्या जोडापाशी उतरली होती. दोनदा बदललेले सील बिचारे निर्दोष होते!

"मग वरचं पॅकिंग बदलू या, मामा," मेहुणा म्हणाला.

"बदलायचंच. पण ते का गळतंय?"

मिस्त्रींनी इंजिन सुरू केले आणि तेल ओतायच्या तोंडावरचे झाकण सैल करून नुसते टेकवून ठेवले. ते चहाच्या आधणावरच्या झाकणीसारखे थडथडू लागले. कोणत्याही इंजिनात जळलेला वायू थोडाफार रिंगांच्या फटीतून खाली उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट लागते. तिला गॅरेजात ब्रीदर म्हणतात. जुन्या काळच्या लॉऱ्यांत ही वाट म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक उघडी नळी असे. हवेच्या प्रदूषणाची ओरड झाल्यावर कॅलिफोर्नियात १९६१च्या गाड्यांपासून हा वायू परत इंजिनातच नेऊन जाळण्याची सोय आली, आणि पुढे ती सर्वत्र पसरली. ही वाट तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेलाला जिथे कच्चा सांधा मिळेल तिथून बाहेर रेटतो. तिथे नवे पॅकिंग घातले तरी ते किती दिवस दम धरणार?

ब्रीदरची नळी काढली. आत तुपात काजळी कालवावी तसा काळा चिखल दाटला होता. तो रॉकेलने धुतला, हवा मारून वाट मोकळी केली, कडक झालेली नळी बदलली. पुन्हा इंजिन सुरू केले, तर झाकण शांत! रिंगा गेल्या असत्या तर ते नाचतच राहिले असते. साठ हजारांचा प्रश्न तिथेच मिटला.

"तेल शेवटचं कधी बदललंस?" मिस्त्रींनी विचारले.

"बदलायचं कशाला? दर आठवड्याला नवं घालतोच की!"

"शिळ्या आमटीत रोज पळीभर ताजी घातली, तर शिळी ताजी होते होय?"

सारे कोडे इथे उलगडले. तेल गळते म्हणून वरून घालायचे. वरून घालतो म्हणून बदलायचे नाही. न बदललेल्या तेलात काजळी साठते, फिल्टर भरतो, चिखल होतो. तो चिखल ब्रीदर बुजवतो. आणि ब्रीदर बुजला की तेल आणखी गळते. गळतीची सवय झाली होती, आणि त्या सवयीवरच गळती पोसली जात होती.

नवे पॅकिंग बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी दोन्ही कडा खरवडून कोरड्या ठणठणीत केल्या. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे करत आवळले. "जास्त पिळलं की पॅकिंग चेमटून बाहेर येतं," ते म्हणाले. पॅकिंग, नळी, फिल्टर, सहा लिटर नवे तेल आणि मजुरी मिळून साडेचार हजार झाले. एकदा गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीहूनही कमी.

आपल्यापैकी अनेकांच्या दारात आता मोटार असते. रात्री तिच्याखाली एखादा पुठ्ठा सरकवून ठेवावा. सकाळी नुसते पाणी दिसले तर ते बहुधा थंड हवेच्या यंत्राचे. त्याची काळजी नको. काळपट चिकट डाग दिसला तर मात्र पट्टी काढून तेल पाहावे आणि गाडी दाखवून घ्यावी. कोणी लगेच "सील गेलं" म्हणाले, तर त्यांना आधी इंजिन धुऊन बघायची विनंती करावी.

मेहुण्याच्या गाडीत आता पुढच्या काचेपाशी एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर तेल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. वाशीहून पहाटेचा फोन अजून येतो, पण तो घ्यायला सौभाग्यवतींना हल्ली झोपेतून उठावे लागते. पावडरचा डबा मिस्त्रींनी हत्यारांच्या पेटीत ठेवून दिला. नवा आणण्याचा खर्च अर्थातच दाजींकडे!