निळाई

आमचं गाव अपशिंगे मिलिटरी, जिल्हा सातारा. फौजी गाव म्हणजे घरात शस्त्राच्या गप्पा आल्याच. माझे आजोबा रिटायर्ड हवालदार. त्यांचं परवान्याचं जुनं वेब्ली, बत्तीस बोअरचं.

सांगलीला मेकॅनिकलला आल्यावर कळलं, की त्याचा निळसर काळा रंग हा रंग नव्हेच. गरम क्षाराच्या द्रावणात पोलादावर मॅग्नेटाइटचा पातळ थर चढतो, तेच ब्ल्यूइंग. तेल नसेल तर गंज ठरलेला! याउलट कानपूरचं २०१४ सालचं 'निर्भीक' टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन जेमतेम अर्धा किलो. वेब्लीची साइट म्हणजे पुढे पातळ पातं, मागे खाच. संध्याकाळी दिसणार काय? नव्या काही रिव्हॉल्व्हरांना मागची साइट स्क्रूने सरकवता येते.

गेल्या वर्षी आजोबा गेले. काका म्हणाले, "परवाना माझ्या नावावर करू, पुन्हा ब्ल्यूइंग मारू, नव्यासारखं दिसंल." मी म्हटलं, "नको. कडा पांढऱ्या पडल्यात तिथं आजोबांचा हात आहे."

आजी एवढंच बोलली, "हात गेला. आता ते पोरांच्या घरात कशाला?"

फिनिश, साइट, वजन, सगळं मी तोलून पाहिलं होतं. हा प्रश्न मात्र राहिला होता. वेब्ली रीतसर जमा झालं, आहे त्याच रंगात.