तारेखालचं जांभूळ

मंडळी, रविवारी आपल्या कॉलनीत झाडं लावायचं ठरलंय. वीस रोपं येणार आहेत. त्याआधी माझी एक चूक सांगतो, म्हणजे निदान ती पुन्हा होणार नाही.

कोपऱ्यावरचं जांभूळ मी लावलंय. २०१४ च्या पावसाळ्यात, फोटोबिटो काढून. खड्डा घेताना खाली पाइपलाइन नाही ना, एवढं बघितलं. वर मात्र कुणीच बघितलं नाही. वर चार तारा होत्या आणि रोप माझ्या गुडघ्याएवढं होतं. कुणाच्या डोक्यात येणार?

हिशोब साधा आहे. गल्लीतला सिमेंटचा खांब साधारण आठ मीटरचा असतो. त्यातला सव्वा-दीड मीटर जमिनीत. म्हणजे तार जेमतेम साडेसहा मीटरवर, आणि मधे झोळ पडला की अजून खाली. जांभूळ तर पंधरा मीटरच्या वर सहज जातं. सहाव्या-सातव्या वर्षी ते तारेला भिडलं, आणि तेव्हापासून दर मे महिन्यात त्याची छाटणी. मधोमध खाच, दोन्हीकडे फांद्या. वरून छाटलं की फुटवा जास्तच जोरात येतो, म्हणून पुढच्या मेमध्ये परत तेच. एकदा मी छाटणाऱ्यांवर चिडलो. त्यातला एक जण शांतपणे म्हणाला, "साहेब, झाड तुम्हीच लावलंय ना? मग आम्हाला का बोलताय?" काय बोलणार, गप्प बसलो.

वारं सुटलं की फांदी घासून लाइट जाते, ते एक वेळ परवडलं. पण गेल्या जूनमध्ये शेजारचा पोरगा जांभळं पाडायला लोखंडी पाइप घेऊन झाडावर चढला होता. मी गेटमधून ओरडलो तेव्हा पाइपचं टोक तारेपासून हातभर होतं. पोरगं उतरलं, हसलं, पळून गेलं. मी कठड्यावर बसून राहिलो. त्या रात्री झोप लागली नाही. ओल्या पानांतूनही करंट येतो हो. आणि मेन रोडची अकरा केव्हीची लाइन असेल तर तारेला टेकायचीही गरज नसते, पाइप जवळ गेला तरी पुरे.

आता यादीत काय आहे? पिंपळ, करंज, सोनमोहोर, जांभूळ. झाडं उत्तमच, पण खड्डे आखलेत खांबांच्या बाजूला! का, तर तिकडे गाड्या लागत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, मोठी झाडं मैदानाच्या कडेला न्या, तिथे तार नाही. करंज, बहावा समोरच्या बाजूला चालतील, पण घरांना जाणाऱ्या सर्व्हिस वायर सोडून. तारेखाली लावायचंच असेल तर पारिजातक, तगर, कुंती, कढीपत्ता, डाळिंब लावा. ताम्हण बुटकं असतं असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलंय. पाणी मिळालं की तेही तारेपर्यंत जातं, राज्यफूल असलं तरी! शेवगा तर नकोच. फांदी ठिसूळ, आणि शेंगा काढायला पुन्हा आकडी आलीच.

"नंतर छाटू की," असं काका म्हणाले. काका, मीही २०१४ ला हेच म्हणालो होतो.

राहिला प्रश्न जांभळाचा. तोडून टाका म्हणणारे आहेत. ते असं परस्पर तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि खरं सांगू, माझ्याच्याने अर्ज लिहवत नाही. दोनदा लिहायला बसलो. सध्या बुंध्याभोवती काटेरी फांद्या बांधल्यात, पोरं चढू नयेत म्हणून.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी चुना आणि टेप घेऊन चौकात थांबतो. खड्डे नव्याने आखू. येताना मान वर करून तारा बघत या.