काळजी तेव्हाही होती

बारामती-इंदापूरकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, "आमच्या वेळी असलं टेन्शन-बिन्शन काही नव्हतं बघा." ऐकायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. 1972 चा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला त्यांना काळजी ठाऊक नव्हती असं कसं म्हणायचं? विहिरींनी तळ गाठला होता, जनावरं दावणीला खंगत होती. रेशनला तांबडा मिलो आणि दुष्काळी कामावर सुकडी, त्यावर दिवस निघायचे. पाझर तलावाच्या भरावावर अख्खं गाव पाट्या टाकायचं. चार एकर बागायत असलेला आणि नुसता माळ असलेला, सोयरा आणि बांधावरून कोर्टात गेलेला भाऊबंद, सगळे एकाच रांगेत. दुपारच्या सुट्टीत फडकी सुटली की कुणाच्या घरी काल चूल पेटली नाही ते न सांगता कळायचं. मग शेजारणीची अर्धी भाकरी तिकडं सरकायची. लपवायला जागाच नव्हती, आणि पुष्कळ जण त्यामुळंच तगले असं मला मनापासून वाटतं.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला पाण्याची पाळी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आवर्तन सुटलं की झोप उडायची. आपली पाळी रात्री दोनला, वरच्यानं पाणी मधेच तोडलं तर? चारी फुटली तर? ऊस वाळला तर सोसायटीचं कर्ज कशातून फेडायचं? काळजी होतीच, चांगली छातीवर बसणारी होती. पण दारं धरायला गेलेला माणूस चारीवर एकटा नसायचा. खालचा-वरचा शेतकरी कंदील घेऊन आलेला असायचा. तंबाखू मळता मळता पोरीच्या स्थळाची, तटलेल्या बिलाची, आजारी बैलाची गोष्ट निघायची. कुणी सल्ला देत नसे. "व्हईल रं समदं" एवढंच म्हणायचे आणि पाणी आलं की ज्याच्या त्याच्या दाऱ्याला जायचे. तोवर मनातलं निम्मं ओझं चारीवरच उतरलेलं असायचं.

आता ठिबक आलं, मोबाईलवरून मोटार चालू करणारा ऑटो आला. रात्रीच्या अंधारात साप-विंचवाच्या तोंडी पाय घालायचं कमी झालं, हा फार मोठा दिलासा आहे आणि तो कुणी हिरावून घेऊ नये. पण आज इंदापूरकडचा डाळिंबवाला रात्री दोनला जागाच असतो, फक्त अंथरुणात असतो. मोटार चालू झाली का ते बघायला फोन हातात घेतो. मग पावसाचा अंदाज, मग तेल्या रोगाचे फोटो, मग बाजारभाव, मग बँकेचा हप्त्याचा निरोप. शेजारी बायको झोपलेली, तिला उठवून काय सांगायचं? पलीकडच्या बांधावरचा शेतकरीही त्याच वेळी तसाच जागा असतो. दोघांना एकमेकांचं माहीत नसतं.

शरीराचं म्हणाल तर ते जुनंच आहे. कडबनवाडीच्या माळावर मेंढरं घेऊन बसलेल्या धनगराला लांडगा दिसला की काळीज धडधडतं, श्वास भरभर होतो, हातपाय ताठरतात, तहानभूक हरपते. ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं रक्तात उतरतात आणि अंगाला पळायला किंवा लढायला तयार करतात. लांडगा गेला की हळूहळू सगळं जागेवर येतं. ताण म्हणजे हेच, आणि तेवढा तो उपयोगाचाच आहे. आजचा लांडगा मात्र जातच नाही. हप्ता, मार्क, ऊसतोडीची तारीख, पोराची एमपीएससी, सगळं खिशातल्या फोनमध्ये दिवसरात्र समोर उभं. शरीराला शांत व्हायला सवडच मिळत नाही. मग पित्त, डोकेदुखी, चिडचिड आणि उडालेली झोप.

पोरांचं तर बघवत नाही. पूर्वी मॅट्रिकचा निकाल वर्षातून एकदा पेपरात यायचा. पारावर एकच पेपर, त्यावर वाकलेली डोकी, नंबर सापडला की पेढे आणि नाही सापडला की दोन दिवस घरात सामसूम. तिसऱ्या दिवशी पोरगं रानात दिसायचं. आता चाचणी परीक्षेचे मार्क बापाच्या मोबाईलवर येतात, शेजारच्या पोराच्या मार्कांसकट. नापास होणं एका दिवसाचं होतं, आता ते रोजचं झालंय.

तरीही जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. उजनीच्या पाण्यात जुनं पळसदेव बुडालं, काठची गावं उठली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि लोक हौसेनं बघायला जातात. ज्यांची घरं-दारं, थडगी, विहिरी त्या पाण्यात गेल्या, त्यांच्या मनाचं काय झालं हे तेव्हा कुणी विचारलं? आणि बायकांचं? बाळंतपणानंतर रडत बसणारी सून, घाबरून छाती धरणारी जाऊ, हिला "बाहेरचं लागलंय" म्हणून देवऋषाकडं न्यायचे. डॉक्टरचं नाव काढलं तर "येरवड्याला घालायची का?" असा टोमणा. त्या बायकांनी निमूट सोसलं. चारीवरची ती मोकळी रात्र पुरुषांची होती, हे विसरून आठवणी काढणं बरं नव्हे.

बायकांनाही मोकळं करणारी एक गोष्ट आमच्याकडं होती आणि सुदैवानं अजून आहे. तुकोबांची पालखी. बारामतीचा मुक्काम, काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीचं गोल रिंगण, मग इंदापूर. घरात तोंड न उघडणारी सासुरवाशीण त्या वाटेवर फुगडी घालते, मोठ्यानं गाते. गाताना श्वास लांबतो, सावकाश सुटतो. तसा सोडलेला श्वास हृदयाची धडधड उतरवतो हे आज डॉक्टरही सांगतात. चालणं, गाणं आणि सोबत, तिन्ही औषधं एकाच वाटेवर. पण पालखी वर्षातून एकदाच येते.

म्हणून बाकीच्या दिवसांसाठी माझं मागणं आहे. रात्री फोन उशाला ठेवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा. आठवड्यातून एकदा तरी बांधावरच्या माणसाशी मोटारीखेरीज बोला. सुनेला, बायकोला विचारा आणि ती बोलेल तेव्हा मधे तोंड घालू नका. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका, डॉक्टर गाठा. 10 ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेली-मानस सेवा सुरू आहे. नंबर 14416. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कधीही लावता येतो आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं. घरातल्या कॅलेंडरवर हा नंबर आजच लिहून ठेवा.